परतीचं भाडं पदराला

आत्याबाई, कावळा लगेच शिवला.

रामकुंडावर दिलीपने पिंड ठेवला, मागे सरकला आणि हात जोडायला वर केले. ते जुळायच्या आत कावळा आला. तुमच्या माहेरची माणसं तर अजून रिक्षातून उतरत होती. गुरुजी म्हणाले, "पुण्यवान बाई. जीव कशात अडकवला नाही." सगळ्यांना बरं वाटलं, बायकांनी पदर डोळ्याला लावला. मला बरं वाटलं नाही. मस्कतहून निघाले तेव्हापासून मी त्या क्षणाची तयारी करत होते. कावळा शिवत नाही, सगळे खोळंबतात, मग घरचं कुणीतरी पुढे होऊन शब्द देतं आणि मग तो शिवतो, हे लहानपणापासून बघत आले होते. तुमचा कावळा अडणार याची मला खात्री होती. नातेवाईक एकेक शब्द देऊन थकले की मी पुढे होणार होते आणि म्हणणार होते, "आत्याबाई, मी आता परत जात नाही." विमानात खिडकीकडे तोंड करून मी ते वाक्य पुटपुटत बसले होते. तुम्ही ते बोलूच दिलं नाहीत. कावळा भात घेऊन उडाला आणि माझा शब्द माझ्याच तोंडात राहिला.

राग आला मला तुमचा. दहाव्याला सासूवर चिडलेली सून मी एकटीच असेन. पण आपलं भांडण अर्धवट होतं, आणि भांडण अर्ध्यावर टाकून उठून जायची तुमची रीत नव्हती. शेवटचा शब्द तुमचा असायचा. या वेळी तो मला ऐकूच आला नाही.

भांडण कशाचं, ते बाहेरच्याला सांगितलं तर हसेल. परतीच्या भाड्याचं.

मी मस्कतला नर्स म्हणून निघाले तेव्हा पूनम दोन वर्षांचीही नव्हती. दिलीपच्या अंबडच्या कारखान्यात ओव्हरटाइम बंद झाला होता, कारखानाच बंद पडणार अशी कुजबुज होती. माझ्या आईने रडून घर डोक्यावर घेतलं. मैत्रिणी पगार विचारत होत्या. दिलीप काहीच विचारत नव्हता, नुसता बॅगेच्या चाकांना तेल देत होता. तुम्ही तेवढं विचारलंत, भाकरी थापता थापता.

"किती दिसांचा परवाना हे?"

"दोन वर्षांचा."

"आन मंग?"

"मग वाढवून देतात."

"आन नाय दिला तर?"

मुंबईच्या एजंटला हा प्रश्न मी विचारला नव्हता. त्यानेही सांगितलं नव्हतं. तुम्ही भाकरी उलटलीत आणि म्हणालात, "म्हंजी बाजारच हाय तो. कव्हा उठायचा ते आपल्या हातात नाय. मंग परतीचं भाडं आधी पदराला बांध. बाकी काय घ्यायचं ते मागून घे."

लासलगावच्या बाजाराची तुमची गोष्ट मला तेव्हाच कळली. दिलीप कडेवर होता. बाजारात एक लाल कुंची दिसली, गोंड्याची, आणि परतीचे पैसे तुम्ही तिच्यात घातलेत. मग भर उन्हात पोराला घेऊन गावापर्यंत चालत आलात. कुंची घातलेलं पोर उन्हाने लालबुंद झालं, आठवडाभर तापाने फणफणलं. तेव्हापासून बाजारात पाय ठेवायच्या आधी तुमच्या पदराच्या टोकाला भाड्याची गाठ असायची. ती गाठ अशी आवळलेली की दाताशिवाय सुटायची नाही. मोह झाला तरी सोडवता सोडवता मन फिरलं पाहिजे, असं तुमचं म्हणणं. मी त्या वेळी हसले होते. शिकलेली होते ना, हसायचा हक्कच होता मला.

बँकेतला दिवस आठवतो का हो? परदेशात राहणाऱ्यांचं खातं वेगळं असतं, ते माझ्या एकटीच्याच नावावर निघणार, इथला माणूस त्यात जोडीने घालता येत नाही, असं साहेबांनी सांगितलं. पण इथे व्यवहार बघायला कुणाला तरी अधिकारपत्र देता येतं. साहेबांनी पेन दिलीपकडे सरकवलं. सगळेच त्याच्याकडे बघत होते, तोही शर्टाची बाही सारखी करत होता. तुम्ही मागच्या बाकावरून म्हणालात, "माझं नाव घाला."

दिलीप तीन दिवस तुमच्याशी बोलला नाही. मीही चकित झाले होते. मला वाटलं, सासूला सुनेच्या पैशावर ताबा हवाय. जाऊ दे, म्हटलं, निदान पूनमला तरी नीट सांभाळतील. विमानतळावर तुम्ही मला बाजूला घेतलंत. "माझा पोरगा चांगला हे मंगल, म्हणून त्याला नाय दिलं. चांगल्या माणसाकडं समदे मागाया येत्यात, आन त्याला नाय म्हणता येत नाय. मला कोन मागंल? माझ्या तोंडाला समदे भितेत."

आणि खरंच तसंच झालं. दिलीपच्या चुलत्याला ट्रॅक्टर घ्यायचा होता, मावसभावाला पोल्ट्री काढायची होती, कुणाकुणाला माझ्यावाचून जगात दुसरं कुणी नव्हतं. तुम्ही प्रत्येकाला चहा द्यायचात, तासभर बोलायचात आणि शेवटी म्हणायचात, "पैका सुनेचा हे बाबा. फोन लाव तिला आन विचार. मस्कतचा फोन हे, तुझ्याच खर्चानं लाव." एकानेही लावला नाही. सुट्टीवर आले की तुम्ही त्या सगळ्यांच्या नकला करून दाखवायचात आणि दिलीपसुद्धा हसता हसता ठसकायचा. तुमच्यावरचा राग त्याने कधी सोडला ते त्यालाही कळलं नसेल.

माझ्याबरोबरच्या मुली काय करत होत्या, ते मी तिथे बघत होते. पहिल्या सुट्टीत सोनं, दुसरीत रंगीत टीव्ही आणि गालिचे, तिसरीत गावाकडे दुमजली घर. मग एक दिवस व्हिसा वाढायचा नाही, आणि बाई त्या दुमजली घरात बसून पुढच्या महिन्याचं काय, म्हणून एजंटला फोन लावायची. आपलं घर अंबडजवळच्या त्याच दोन खोल्यांचं राहिलं. स्लॅबचं नाव काढलं की तुम्ही म्हणायचात, "घर खातं. देत नाय." सोन्याचंही तेच. "सोनं घरात असलं की भावकीच्या लग्नात जातं, येताना वळून येत नाय." तुम्ही दर महिन्याला पैसे मुदत ठेवीत टाकत गेलात. दिलीपचा कारखाना बंद पडला तेव्हा एक गाळा घेतलात आणि भाड्याने दिलात. त्या भाड्यावर घर चालू लागलं. मी तिथून पाठवलेले कपडे तुम्ही वापरायचात आणि मी पाठवलेल्या पैशांना हात लावू द्यायचा नाहीत.

इथपर्यंत तुमचं सगळं बरोबर. डोळे मिटून कबूल. पण पुढचं ऐका, आता तरी मधे बोलू नका.

तुमचं ते परतीचं भाडं दर वर्षी वाढत गेलं. आधी ते विमानाचं तिकीट होतं. ते जमलं, तर म्हणालात वर्षभराचा घरखर्च पण बाजूला हवा. तोही जमला, तर दिलीपची नोकरी गेली, मग दोन वर्षांचा हवा. मग पूनमच्या शिक्षणाचं. मग दुखण्याखुपण्याचं. दर शुक्रवारी माझी सुट्टी असायची, मी फोन करायचे, पूनम दोन मिनिटं बोलून पळायची आणि मग मी विचारायचे, "आत्याबाई, किती राहिलं आता?" तुम्ही म्हणायचात, "थोडकंच." हे थोडकंच ऐकत माझ्या पोरीचे दुधाचे दात पडले. ते मी बघितले नाहीत. एका सुट्टीत आले तेव्हा ती तुम्हाला आई म्हणत होती आणि मला "मम्मी, तुम्ही". 'तुम्ही' म्हणजे परक्या बाईला म्हणतात ते. तुम्ही तिला दटावलंत, "आगं आईला कुनी तुम्ही म्हणतं का?" ती गोंधळून तुमच्याच मागे लपली.

त्याच सुट्टीत आपलं मोठं भांडण झालं. मी म्हटलं, मी राजीनामा देते. तुम्ही म्हणालात, नोकरीच्या मुदतीच्या मधे सोडलं तर शेवटाला मिळणारी रक्कम तुटती, ती पुरी करून ये. मी म्हटलं, आत्याबाई, तुमच्या वडिलांच्या चाळीतल्या कांद्याची गोष्ट तुम्हीच सांगितली होतीत. कांद्याच्या भावाची बातमी सगळ्या देशाने ऐकली त्या वर्षी त्यांनी चाळ भरून ठेवली होती. आज वाढला, उद्या अजून वाढेल, म्हणून ठेवत गेले. विकायला काढला तेव्हा खालचा सगळा थर सडलेला निघाला, वास गल्लीभर. "तुमचंही तेच चाललंय," मी म्हटलं. "तुम्ही मला चाळीत ठेवलंय."

तुम्ही उठून गेलात. न जेवता. तुमचं ते जेवणावर रुसणं मला माहीत होतं, पण त्या दिवशीचं ते रुसणं नव्हतं. संध्याकाळी गॅलरीत लसूण सोलत तुम्ही एवढंच म्हणालात, "मी चालत आले होते मंगल. लेकरू कडंवर घेऊन. तुला ती वाट ठावं नाय." तुमची भीती खरी होती आणि माझ्या पोरीचं मला 'तुम्ही' म्हणणंही खरं होतं. दोन्ही खरं असलं की भांडण मिटत नाही, नुसतं पुढच्या सुट्टीपर्यंत लांबतं.

या वर्षी मात्र तुम्ही वेगळं बोलायला लागलात. मी परत आल्यावर काय करणार याच्या गोष्टी काढायचात. घरोघरी जाऊन आजाऱ्यांची सेवा करायची, इंजेक्शनं, ड्रेसिंग, म्हाताऱ्यांची अंघोळ, एवढं काम नाशकात आहे, हे तुम्हीच शोधून काढलंत. "फोन मी घेईन," म्हणालात. "तू बाहीर जाशील तव्हा फोन कोन घेनार? मी घेईन. पत्ता इचारीन, पैसं आधीच सांगीन." मी हसून म्हटलं, तुमचं तोंड ऐकून आजारी माणूस बरा होऊन पळेल. तुम्ही खुदकन हसलात. तुमचं हसणं फोनवर जरा चिरकं यायचं.

शेवटच्या शुक्रवारी मी नेहमीचं विचारलं. "किती राहिलं आता?"

तुम्ही थोडकंच म्हणाला नाहीत. म्हणालात, "बघू. तू आल्यावर बघू."

आल्यावर म्हणजे कधी, आत्याबाई? सुट्टीवर आल्यावर, की कायमची आल्यावर? मी विचारणार तेवढ्यात पूनमने फोन ओढून घेतला, तिला शाळेच्या सहलीचं सांगायचं होतं. मी म्हटलं, पुढच्या शुक्रवारी विचारते.

पुढचा शुक्रवार आलाच नाही. तुमच्या छातीत दुखायला लागलं, दिलीप त्याच्या नव्या कामावर होता, तुम्ही पूनमला घेऊन स्वतःच दवाखान्यात गेलात. दुसऱ्या दिवशी तुम्ही नव्हता. माझा पासपोर्ट तिकडच्या ऑफिसात, ऑफिसला सुट्टी, माझ्या जागी कुणी मिळेना. तिथले लोक वाईट नव्हते हो, बिचारे धावपळ करत होते. पण सासू म्हणजे कोण, हे त्यांना मी कसं समजावणार? त्यांच्या अर्जावर नात्याचा रकाना होता, त्यात मी आई लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा. तुमच्या तोंडावर कधी म्हटलं नाही ते तिथल्या कारकुनासमोर म्हटलं आणि ढसाढसा रडले.

तुमचं तोंडही मला बघता आलं नाही.

आता घरात पाहुणे पांगलेत. दिलीप हळूच म्हणाला, "नोकरीच्या मुदतीतलं थोडंच उरलंय मंगल. पुरी करून आलीस तर शेवटचे पैसे पुरे मिळतील. आईचंही तेच म्हणणं होतं ना?" त्याचं चुकत नाही. माझं परतीचं विमान पुढच्या आठवड्यात आहे. रामकुंडावर शब्द दिलाच नाही, तेव्हा मोडायचाही प्रश्न नाही. जावं की राहावं, ते तुम्हाला विचारायची मला सवय झाली होती. तुमच्या फोटोला विचारलं. तुम्ही फोटोतही बँकेत बसल्यासारख्या ताठ बसलात.

आज सकाळी दवाखान्यातून राहिलेले कागद आणायचे होते. निघताना पूनमने कपाटामागून एक प्लास्टिकची पिशवी काढली. दवाखान्याने दिलेली, तुमच्या अंगावरचं लुगडं होतं तिच्यात. तिने ते कुणाला धुवू दिलं नव्हतं. पदराचं टोक काढून माझ्यापुढे धरलं. गाठ होती.

"आईने जाताना बांधली होती," ती म्हणाली. "दुखत होतं तिला, तरी बांधत होती. मी म्हटलं, पप्पा येतील घ्यायला, कशाला बांधते? तर म्हणाली, असू दे, आपलं परतीचं आपल्यापाशी असावं. तुझं पण बांधलंय म्हणाली."

मी तिथेच खाली बसले, आत्याबाई. छाती दुखत असलेली बाई दवाखान्यात निघते आणि आधी घरी यायचं भाडं बांधते. अहो, तुम्ही घरी येणार होतात. तुम्हाला नक्की घरी यायचं होतं. मग कुणी सांगितलं गुरुजींना, की जीव कशात अडकला नव्हता म्हणून?

गाठ हाताने सुटेना. पूनम म्हणाली, दाताने. मी पदर दाताला लावला. तुमच्या मिश्रीचा वास होता त्याला. मी ते टोक बराच वेळ तसंच तोंडाशी धरून बसले आणि पूनम माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली, जसा तुम्ही तिच्या पाठीवर फिरवायचात तसा. सुटली शेवटी. आत नाणी होती.

दवाखान्यातले कागद घेतले. दिलीप फोनवर म्हणाला, थांबा, मी गाडी घेऊन येतो. पूनम म्हणाली, "नको. आपण आईच्या पैशांनी जायचं." मुठीत तिने ती नाणी घरापासून धरून आणली होती. दवाखान्यासमोरच्या स्टॉपवर आम्ही अंबडची बस धरली. खिडकीची जागा मिळाली. कंडक्टर आला तेव्हा मी पर्स उघडायला गेले, तिने माझा हात दाबला आणि मूठ पुढे केली. "एक पूर्ण, एक अर्धं."

तुमचं पूर्ण, तिचं अर्धं. तुमच्या तिकिटावर मी बसले.

बस वळली तशी तिने खिडकीबाहेर बघत विचारलं, "मम्मी, तुझं तिकीट कधीचं आहे?" मी आले की तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती हे विचारतेच, दर सुट्टीत. या वेळी मात्र 'तुझं' म्हणाली, 'तुमचं' नाही. तेवढ्यानेच माझा धीर सुटला. मी हातातलं बसचं तिकीट तिला दाखवलं. म्हटलं, "हे. दुसरं काढून टाकते. मी जात नाहीये." तिने माझ्याकडे नीट बघितलं, खरं की खोटं ते तपासून घेतलं, अगदी तुमच्यासारखं. मग माझ्या खांद्यावर डोकं टेकलं.

रामकुंडावर बोलायचं राहिलं ते असं शहर बसमध्ये बोलले. शेवटच्या रकमेतलं तुटेल ते तुटेल. तुम्ही असतात तर ओरडला असतात, मला माहीत आहे. ओरडा. मी आहे आता इथेच, ऐकायला. दुपारी फोन वाजेल आणि घ्यायला कुणी नसेल तेव्हा सगळ्यात जास्त आठवाल तुम्ही.

माझ्यासाठी तुम्ही किती साठवलंत, आत्याबाई! तिकीट, घरखर्च, गाळा, शिक्षण, दुखणं. दर वर्षी म्हणालात, अजून थोडकंच. आणि स्वतःला घरी यायचं होतं तेव्हा पदराला बांधलीत ती एवढीशी नाणी. कंडक्टरने ती तळहातावर पसरून पाहिली, दोन तिकिटं फाडली आणि पुढे गेला. परत काही आलं नाही, कमीही काही पडलं नाही. घरी यायला एवढंच लागत होतं ना हो, आई?